खुडलेली मोहरी

माझा नवरा शेती शिकला ती मोबाइलवर. पुण्याच्या एका कारखान्यात बारा वर्षं स्टोअर सांभाळलं आणि टाळेबंदीत घरी आला, तेव्हा आपली बांधी, म्हणजे भाताचं शेत, कुठे संपते आणि शेजाऱ्याची कुठे सुरू होते एवढं त्याला आठवत होतं, हेच पुष्कळ. पण आल्या आल्या तो प्रगतिशील शेतकरी झाला. तसं प्रमाणपत्र कुणी दिलं नव्हतं, पण व्हॉट्सअॅपवर त्या नावाचा एक ग्रुप होता आणि हा त्यात होता. तोंडावर मी त्याला ‘तुमी’च म्हणते, इथे ‘तो’ लिहितेय, कारण कागद आमच्या नात्यातला नाही.

पहिल्या वर्षी त्याने काळा तांदूळ लावला. तो शिजेना. दुसऱ्या वर्षी खड्डा खणून मासे सोडले, ते बगळ्यांनी खाल्ले आणि बगळे मात्र आमच्याकडे राहायला आले. तिसऱ्या वर्षी नागपूरच्या कृषी प्रदर्शनातून तो एक पिशवी काखेत मारून परतला. ओसरीत बसून त्याने ती उघडली. आत पिवळसर पांढरे दाणे होते, आपल्या काळ्या राईपेक्षा जरा मोठे.

‘‘पांढरी मोहरी हाये,’’ तो म्हणाला.

सासूबाईंनी चिमूटभर तळहातावर घेऊन पाहिली. ‘‘दिष्ट काढाले लागते तेवढी ठेवा घरात. बाकीचीचं काय कराचं?’’

‘‘पेराची. फुलावर आली का नांगरून मातीत गाडाची.’’

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या, जणू मीच त्याला असं काही खाऊ घातलं होतं. मी म्हटलं, ‘‘पेराची अन् गाडाची. मंग पिशवीच गाडून द्या ना. मेहनत तं वाचन.’’

आमचं गाव आसगावच्या वाटेवर. घरची शेती दोन बांध्यांची. एक तलावाकडची, तिच्यात पावसाळ्यात धान आणि हिवाळ्यात लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ. दुसरी नहराकडची. नहराला पाणी यायला लागल्यापासून तिच्यात दोन्ही हंगाम धानच असतो, पावसाळीही आणि उन्हाळीही. ह्या दुसऱ्या बांधीबद्दल नवऱ्याचं म्हणणं असं की ती थकली आहे. दरवर्षी युरिया वाढतो आणि फुटवे कमी येतात. पाय आपटला तर अंगणात आपटल्यासारखा आवाज येतो. म्हणून पावसाळी धान कापला की लगेच पांढरी मोहरी फेकायची. सहा-सात आठवड्यांत ती फुलावर येते. मुळं माती पोखरतात, पाला कुजून खत होतो. मग पंधरा दिवस थांबून उन्हाळी धानाची रोवणी करायची. हे सगळं त्याने मला वहीत चित्र काढून दाखवलं. चित्रातली मोहरी नारळाच्या झाडासारखी दिसत होती, आणि मी तेही बोलून दाखवलं.

त्याच आठवड्यात कारखान्यातून जुन्या मित्राचा फोन आला. स्टोअरमध्ये पुन्हा माणूस हवा होता. नवऱ्याने लगेच हो म्हटलं नाही. त्या दिवशी जेवताना तो म्हणाला, ‘‘हे बांधी सुधरली तं मी कुठीच जात नाई. उन्हाळी धान पाहातो. नाई सुधरली तं पुण्याले जातो.’’

‘‘आत्ताच जा ना,’’ मी म्हटलं. ‘‘थे मोहरीबी घेऊन जा. तिकडं गच्चीवर पेरजा.’’

मला तो जायला नको होता. हे इथे सरळ लिहून टाकते, कारण तेव्हा सरळ बोलता आलं नाही. बारा वर्षं मी एकटीने घर, सासू, पोरगी आणि दोन बांध्या ओढल्या होत्या. तो आल्यापासून सकाळी चहाला दोन कप लागत होते, आणि भांडायला समोर माणूस होता. पण माझं माहेर आंधळगावचं, आणि आमच्या घरात कुणी कुणाला बरं बोललेलं मी ऐकलं नाही. माझा बाप आईच्या भाजीला नावं ठेवत ठेवत चार पोळ्या खायचा. आई म्हणायची, नावं ठेवतो म्हणजे जेवला. मी तेच शिकले, आणि फार चांगलं शिकले.

धान कापून झाला आणि नवऱ्याने मोहरी फेकली. पाचव्या-सहाव्या दिवशी बांधी हिरवी दिसायला लागली. ‘राईचा पर्वत’ वगैरे विनोद गावाने पहिल्याच आठवड्यात करून संपवले. नंतर लोक नुसतेच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे राहून बघायचे, लग्नात जेवण उशिरा वाढलं की बघतात तसे. मोहरी गुडघ्याला लागली. पानं रुंद, कातरलेली आणि हाताला खरखरीत, लव असलेली. नवरा रोज सकाळी धुऱ्यावर उकिडवा बसून फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. तिकडून ‘खूप छान दादा’ असे पंधरा निरोप यायचे. त्यातल्या चौदा जणांनी पांढरी मोहरी डोळ्यांनी पाहिली नसेल, अशी मी पैज लावायला तयार होते.

मग एके दिवशी त्या ग्रुपमधले तिघे मोटरसायकलींवर बसून मोहरी बघायला आले. तिघांच्याही डोक्यावर कंपन्यांच्या टोप्या. बांधीत चार पावलं चालले, रोप उपटून मुळाचा फोटो काढला, माती हुंगली आणि चहाला ओसरीत येऊन बसले. मी चहा घेऊन आले तेव्हा त्यातल्या एकाने विचारलं, ‘‘आधी काय व्यवस्थापन होतं या प्लॉटचं?’’ प्लॉट म्हणजे आमची बांधी. तो बघत होता माझ्याकडे. मी ट्रे खाली ठेवून तोंड उघडलं, तेवढ्यात नवरा म्हणाला, ‘‘तिले काय मालूम? थे आपली युरिया फेकत जाय. मी आलो तवा मातीत जीवच नव्हता.’’

तिघे हसले. वाईट हेतूने नसेल, पण हसले.

बारा वर्षं ती बांधी मी केली होती. चिखलणीचा ट्रॅक्टर कुणाच्या हातापाया पडून मिळवायचा, नहराचं पाणी आपल्या बांधीत यायच्या आधी वरचा माणूस कुठे फोडतो, रोवणीच्या बायांना कुणाच्या आधी सांगायचं, हे सगळं मला मालूम होतं. हा दिवाळीला चार दिवस येऊन जायचा आणि फटाके उडवायचा. त्या टोपीवाल्यांसमोर माझी बारा वर्षं त्याने युरियाच्या एका पोत्यात भरली. मी कप उचलले आणि आत गेले. एक शब्द बोलले नाही. मी बोलत नाही तेव्हा घाबरायचं असतं, हे सासूबाईंना माहीत आहे. त्याला अजून नव्हतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. हिवाळ्यात लाखोळी वीतभर झाली की गावातल्या बाया तिचे कोवळे शेंडे खुडायला निघतात. कुणाच्याही बांधीत जायचं, ओटीत भरायचं आणि घरी येऊन भाजी करायची. विचारायचं नसतं आणि मालकाने नाही म्हणायचं नसतं. भाजीला नाही म्हणणारा माणूस गावात जन्मभर त्याच नावाने ओळखला जातो. ह्यात नुसतं औदार्य नाही, शहाणपणही आहे, कारण लाखोळीचा शेंडा खुडला की ती बाजूने फुटते आणि दाणा जास्त देते. बायांना भाजी मिळते, मालकाचं शेत फुकटात खुडून होतं. त्यामुळे खुडलं म्हणजे भलं झालं, हे आमच्या हाडात बसलेलं आहे.

मोहरीचं तसं नाही. तिचा शेंडा गेला की ती बाजूला चार काड्या काढते, त्यांना चार फुलं येतात, आणि पाला पाहिजे तेवढा होत नाही. हे मला नवऱ्यानेच सांगितलं होतं, वहीतल्या त्याच नारळाच्या झाडाखाली लिहून. ‘‘पानापानात खत हाये. जेवढं हिरवं तेवढं खत. बाया लाखोरीले आल्या तं इकडं हात लावू देजो नोको.’’ मी हो म्हटलं होतं. तेव्हा टोपीवाले आले नव्हते.

ते येऊन गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी मी नहराकडच्या धुऱ्यावर बसले होते. नवरा रोटाव्हेटरवाला ठरवायला पवनीला गेला होता. तलावाकडच्या बांधीत सात-आठ बाया लाखोळी खुडत होत्या. त्यांच्यात पुढे शेजारची काकू. सबंध गावाचं तोंड तिच्याकडे असतं; ती जिकडे जाईल तिकडे बाकीच्या. तिने लांबून माझ्याकडे आणि मोहरीकडे पाहिलं, पण इकडे वळली नाही. नवीन पीक, वरून साहेबलोक बघून गेलेले. बाया बिचकत होत्या. मी नुसती गप्प बसले असते तरी मोहरी वाचली असती. मी उठून उभी राहिले आणि हाक मारली, ‘‘काकू, इकडं या ना वो! हे भाजी नाई दिसून राहिली का?’’

काकू जवळ आली. ‘‘हे खातात का?’’

‘‘मोहरीच हाये. खातात नाई तं काय.’’

‘‘तुह्या नवऱ्यानं तं खतासाठी लावली म्हणे.’’

‘‘गाडाचीच हाये. गाडल्यापेक्षा तुमच्या पोटात गेलेली काय वाईट? तोडा, बिनधास्त तोडा.’’

आणि बाया शिरल्या. आमच्या गावच्या बाया खुडतात ते बघण्यासारखं असतं. दोन्ही हात चालतात आणि तोंडही चालतं. पहिल्या दिवशी ओट्या भरल्या. दुसऱ्या दिवशी टोपल्या आल्या. पानं खरखरीत आहेत, घशाला लागतात, अशी तक्रार करत करत सगळ्यांनी पुन्हा नेली. कुणी डाळीत घातली, कुणी वाळवून ठेवायला घेतली. मी धुऱ्यावर बसून हसत होते. टोपीवाले हसले होते ना, मग आता माझी पाळी, असं मला वाटत होतं, आणि ते वाटणं फार गोड होतं. दहा दिवस हे चाललं. बांधीच्या एका कोपऱ्याला लागून मसनवट आहे, तेवढ्या कोपऱ्याकडे मात्र बाया गेल्या नाहीत. मसनाच्या कडेची भाजी कुणी खात नाही.

पहिल्याच संध्याकाळी, पवनीहून आल्यावर, नवरा बांधीवर जाऊन आला होता. पाय धुताना म्हणाला, ‘‘भाजी खुडली वाटते बायाइनं.’’

मी उत्तर तयारच ठेवलं होतं. ‘‘भाजीले नाई म्हणता येते का? तुमी प्रगतिशील असान, गाव तं नाई ना.’’

मला वाटलं, आता ओरडेल. मला तेच हवं होतं. ओरडला असता तर मीही ओरडले असते, टोपीवाल्यांचं निघालं असतं, बारा वर्षांचं निघालं असतं, आणि दोन दिवस अबोला धरून तिसऱ्या दिवशी आम्ही मोकळे झालो असतो. पण त्याने टॉवेलने पाय पुसले आणि सासूबाईंना औषध घेतलं का विचारलं. पुढचे नऊ दिवस बाया येत राहिल्या, आणि तो दुपारी बांधीकडे फिरकलाच नाही. मी मनात म्हटलं, नाकाला झोंबली वाटतं मोहरी.

फुलं आली. दाण्याला पांढरी म्हणायचं आणि फुलं पिवळी, त्यावरही गावाने थोडी करमणूक करून घेतली. गाडायच्या दिवशी बांधी केविलवाणी दिसत होती. काड्या, काड्यांवर थोडी थोडी फुलं, आणि मसनाच्या कोपऱ्यात तेवढी कमरेएवढी दाट मोहरी. सासूबाई काठी टेकत धुऱ्यापर्यंत आल्या होत्या. ट्रॅक्टर आत शिरला तशा त्या मागे वळल्या. ‘‘फुलातल्या पिकावर नांगर. मी नाई पाहात बाप्पा,’’ म्हणाल्या आणि घरी निघून गेल्या. ट्रॅक्टरवालासुद्धा दोनदा विचारून घेत होता, ‘‘चालवू ना भाऊ? पक्कं ना?’’ नवऱ्याने मान हलवली. काड्या पात्यांत अडकून वर येत होत्या. तो मागे मागे चालत पायाने त्या मातीत दाबत होता. पुढचे कित्येक दिवस बांधीवरून सडक्या कोबीसारखा वास येत होता, आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक जण नाक धरून माझ्याकडे बघून हसत होता. मीही हसत होते. माझा काय संबंध, मी तर युरियावाली.

रोवणी झाली. बाया बांधीतून बाहेर पडल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी नवऱ्याने बॅग भरली.

‘‘उन्हाळी धान पाहातो म्हणत होते ना?’’ मी विचारलं.

‘‘त्याइले माणूस लगेच पाहिजे.’’

‘‘एवढाच भरवसा होता का मोहरीवर? फुटवे फुटतपर्यंतबी नाई थांबवत?’’

त्याने बॅगची चेन ओढली, ती अडकली, पुन्हा ओढली. सासूबाईंच्या पाया पडला. मला म्हणाला, ‘‘पाण्याची पाळी पाहजो.’’ म्हणजे नहराचं पाणी. बारा वर्षं जे मी पाहिलं तेच पुन्हा पाहायला सांगून तो आसगावला बस धरायला गेला. मी दारात उभी राहून म्हटलं, ‘‘ग्रुपवर टाका आता, प्रगतिशील शेतकरी पुण्याले गेला म्हणून.’’ त्याने ऐकलं असेल. मी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं होतं.

संध्याकाळी चहाला सवयीने दोन कप ठेवले आणि मला स्वतःचाच राग आला.

मार्च संपत आला तेव्हा एका सकाळी मी पाणी बघायला गेले. बांधी नेहमीसारखीच होती, मागच्या वर्षीइतकीच पिवळट. पण मसनाच्या कोपऱ्यात धान वेगळाच उभा होता. रंग गर्द, उंची हातभर जास्त वाटावी अशी, आणि रोपांचा एकेक झुबका, एकेक चूड, मुठीत मावेना. हिरवळीची कड नागमोडी गेली होती. ती कड कशाची आहे हे मला लगेच कळलं. भाजीच्या दिवसांत बाया जिथून मागे फिरायच्या, बरोबर तिथून तो गर्द रंग सुरू होत होता. मी चिखलात उतरून पाय रोवला. बाकीच्या बांधीत घोट्यावर टणक लागत होतं. इथे पाय पिंढरीपर्यंत सहज गेला.

दोन दिवसांनी निंदणीला आलेल्या काकूलाही ते दिसलं. ‘‘हे जागा अशी काहून हिरवी दिसून राहिली वो?’’

‘‘मसनाची राख धुऊन येत असन,’’ मी म्हटलं. आयुष्यभर तोंड फाटकं म्हणून नाव कमावलं, आणि खरं बोलायची वेळ आली तेव्हा राखेवर ढकललं. नवरा बरोबर होता, एवढंच सांगायचं होतं. तो माझ्याच बांधीत, मला दिसेल असा, बरोबर निघाला होता, आणि आता त्याचा मला राग यायचंही कारण उरलं नव्हतं.

दुपारी त्याच्या जेवणाच्या सुट्टीत मी फोन लावला. धुऱ्यावरूनच लावला, म्हणजे घरी जाईपर्यंत मन बदलायला नको. मागे यंत्रांचा आवाज येत होता.

‘‘तुमची मोहरी खरी निघाली,’’ मी म्हटलं.

 तो म्हणाला, ‘‘कोणत्या जागी?’’

‘‘मसनाच्या कोपऱ्यात. तेवढीच. बाकी जागी काई नाई.’’ मग मी एका दमात बोलले. ‘‘औंदा धान कापला का पुन्हा पेरू. पुऱ्या बांधीत पेरू. मी कोणाले हात लावू देत नाई, काकूलेबी नाई. गावानं नावं ठेवली तं ठेवू द्या. तुमी या.’’ असं वाक्य मी लग्नापासून त्याला एकदाही बोलले नव्हते. माझा मलाच आवाज ओळखू आला नाही.

‘‘मी त्या दिवशी नहराच्या पुलावर होतो,’’ तो म्हणाला.

‘‘कोण्या दिवशी?’’

‘‘पवनीवरून लवकर आल्तो. तू काकूले हाक मारलीस तवा. तोडा म्हणलीस. मी पुलावरून ऐकलो. तू हासून राहिली होतीस.’’

 ‘‘मंग बोलले काहून नाई?’’

‘‘काय बोलू? बांधी तुयी. बारा वर्षं तूच केली. त्या ग्रुपवाल्याइच्यापुढं मी बोललो, थे चुकलोच. पण हे तू मले तोंडावर म्हणू शकत होतीस. तू गाव बोलावलीस.’’ मागे भोंगा वाजला. तो थांबला नाही. ‘‘मोहरी बिघडली म्हणून नाई आलो मी इकडं. थे तं पुढच्या साली पुन्हा पेरता आली असती.’’

 मग त्याने माय जेवली का विचारलं, पोरगीचे पेपर चांगले गेले का विचारलं. दोन्हीला मी हाव म्हटलं. मी कशी आहे हे त्याने विचारलं नाही, आणि त्याने विचारावं असं मी कधी वागलेच नव्हते.